कर्मचारी विकास आणि कंपनीचे ध्येय

कर्मचारी विकास म्हणजे कर्मचाऱ्याच्या अंगच्या गुणांना वाव देताना त्याची वाढ कंपनीचे ध्येय आणि तिथली कामाची रीत यांच्याशी जुळवण्याची पद्धत. ही जबाबदारी बहुधा मनुष्यबळ विभागाकडे असते. पण तिचा खरा कस शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालते तिथे, लागतो. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे याचे ठळक उदाहरण.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानातल्या, कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत बरोबरीनेच वसवली. जागा राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. ध्येय साधे होते: शेतकऱ्याच्या हाती देशी बनावटीचा लोखंडी नांगर द्यायचा. माणसे निवडताना मात्र पदवी बघितली नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक तंत्रज्ञ झाले. शंभुराव जांभेकर यंत्रांचे उस्ताद ठरले. शिक्षा भोगून आलेल्यांवर रात्रीचा पहारा सोपवला गेला. विश्वास टाकण्याची ही रीत कुणाला वर्गात बसवून शिकवता आली नसती.

पुढे पंप हे या कारखान्याचे मुख्य उत्पादन झाले. पंपाच्या ओतकामात, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग घडवण्यात, ध्येय आणि कौशल्य यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. मोल्डर, म्हणजे साचे भरणारा कामगार, साच्याची वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा जोखतो. ओलावा जास्त राहिला, तर धातूचा तापलेला रस ओतताना वाफ होते आणि ओतीवात, म्हणजे ओतून बनलेल्या भागात, पोकळ छिद्रे राहतात. मग दाबाच्या चाचणीत पंपाचे आवरण गळते. ‘आमचा पंप शेतात दगा देणार नाही’ हे कंपनीचे वचन अशा एका मुठीवर अवलंबून असते. ती मूठ तयार व्हायला जुन्या कामगाराशेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांनाही तो लागू आहे. पण नुसती भरती करून कौशल्य आणि ध्येय जुळत नाहीत. भिंतीवर ‘दर्जा प्रथम’ लिहायचे आणि पगारवाढ मात्र दिवसाकाठी किती साचे भरले यावर द्यायची, तर कामगार साचेच मोजतो. वाळू तपासायला थांबणारा माणूस तिथे मागे पडतो. म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा आखण्याआधी बढतीचे निकष तपासावे लागतात, आणि नाकारलेल्या ओतीवांचा हिशेब फोरमनबरोबर मोल्डरलाही दाखवावा लागतो.