पार्श्वभूमी : खिडकी की जनेल?

गोव्यातल्या मुलांसाठी टॅबवर चित्रांना नाव द्यायची चाचणी तयार करताना, खिडकीच्या चित्राचं नाव ‘खिडकी’ धरायचं की कोकणीतलं ‘जनेल’, हा प्रश्न येतो. चाचणी साधी : चित्र दाखवायचं, समोरच्याने नाव सांगायचं, मधला वेळ मोजायचा. मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्या जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेतल्या जेम्स कॅटेलने १८८६ मध्ये दाखवलं की, छापील शब्द वाचण्यापेक्षा चित्राला नाव द्यायला जास्त वेळ लागतो. १९६५ मध्ये ओल्डफिल्ड आणि विंगफिल्ड यांना आढळलं की, भाषेत क्वचित येणारं नाव उशिरा सुचतं. मग उशीर चित्रामुळे की शब्दामुळे? हे ठरवायला मोजमाप केलेली चित्रं हवीत, आणि ती नव्हती.

ती १९८० मध्ये स्नॉडग्रास आणि व्हँडरवर्ट यांनी दिली : २६० काळी-पांढरी रेखाचित्रं आणि प्रत्येकाची चार मापं. नावावरचं एकमत, मनातल्या प्रतिमेशी जुळणी, परिचय आणि रेषांची गुंतागुंत. एकमताचं त्यांचं माप, ‘एच’, आजही वापरात आहे. ४० जणांनी एकच नाव दिलं तर एच ०. दोन नावं २०-२० अशी विभागली तर १. चार नावं १०-१० तर २. ‘माहीत नाही’ हे उत्तर यात धरत नाहीत, पण फेकूनही देत नाहीत : वस्तूच ओळखली नाही, ओळखली पण नाव ठाऊक नाही, की नाव ओठांवर अडकलंय, हे वेगवेगळं नोंदवतात. पहिला दोष चित्राचा असू शकतो, तिसरा सहसा नसतो.

या संचात आर्टिचोक आहे, बर्फावरची घसरगाडी आहे, अमेरिकन फुटबॉलचं शिरस्त्राण आहे. गोव्यात ती वगळणं सोपं. अवघड आहे ते खिडकीचं चित्र. मराठी माध्यमातलं, घरी कोकणी बोलणारं मूल ‘जनेल’ म्हणतं, खुर्चीला ‘कदेल’. दोन्ही वेगळी नावं धरली तर एच वाढतो आणि चांगलं चित्र बाद होतं. एकच धरली तर दोन भाषांचे वेळ मिसळतात, कारण पहिला ध्वनी आणि शब्दाची लांबी दोन्ही बदलतात. म्हणून उच्चार जसाच्या तसा लिहून एच दोनदा काढावा : एकदा दोन भाषांतली नावं वेगळी धरून, एकदा एकाच वस्तूची नावं म्हणून एकत्र धरून. ‘पेरू’ आणि ‘पेर’ एकच मानायचे का, हा नियम उत्तरं पाहण्याआधी लिहून ठेवावा. नंतर ठरवला की तो हवा तसा वाकतो. काजूचं तर आधी फळ काढायचं की गर, हेच ठरवावं लागतं.

रंगाचा प्रश्न २००४ मध्ये बऱ्यापैकी सुटला. रोसियों आणि पूर्तवा यांनी तीच २६० चित्रं रंगवली, तेव्हा नावं लवकर आली आणि एकमतही वाढलं. साहजिकच आहे, नुसत्या रेषेत लिंबू, आवळा, पेरू सगळे गोलच. २०१८ चा ‘मल्टिपिक’ संच ७५० रंगीत चित्रांचा आहे, पण त्याची मूळ मापं सहा युरोपीय भाषांची.

मुलांसाठी १९९७ मध्ये सायकोविच आणि सहकाऱ्यांनी ४०० चित्रांची मापं पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून वेगळी घेतली. मोठ्यांचे आकडे मुलांना लावले की ‘कोल्हा’ऐवजी आलेला ‘कुत्रा’ नुसती चूक ठरतो. त्या वयात कोल्ह्याचं ते नेहमीचं नाव असू शकतं. चित्राच्या आकाराचंही तसंच. ५७ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरचं चित्र डोळ्याशी साधारण १ अंशाचा कोन करतं. मूल टॅबकडे झुकून २८ सेंटिमीटरवर आलं की तो कोन दुप्पट होतो. टॅब हातात न देता स्टँडवर ठेवावा आणि खुर्चीची जागा जमिनीवर खडूने आखावी.