मागचे ब्रेक पॅड: आतल्या बाजूचा पॅड बघायला विसरू नका

नमस्कार,

गाडी सर्व्हिसिंगला आली की बहुतेक जण पुढच्या ब्रेकची चौकशी करतात, मागच्या ब्रेकची क्वचितच. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक. मागे ड्रम असेल तर तिथे पॅड नसतात, लायनर असतात. ते काम वेगळं.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या चिपळूणच्या गॅरेजमध्ये एक गाडी आली. तक्रार अशी, की मागून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, तो थांबला आणि खरखर सुरू झाली. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड चांगला 5 मिलिमीटर दिसत होता. चाक उतरवून कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) काढला, तर आतल्या पॅडवर थर म्हणून काही उरलंच नव्हतं. नुसतं लोखंड डिस्कवर घासत होतं, आणि डिस्कला नखाला लागतील अशा चऱ्या पडल्या होत्या. पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागली. ती शिट्टी म्हणजे पॅडवरच्या इशारापट्टीचा आवाज असतो. पॅड संपत आला की ती पट्टी डिस्कला टेकते. तो आवाज आला की लगेच या, खरखरीची वाट बघू नका.

एकच पॅड का झिजला? कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे सरकणारा दट्ट्या, आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, मग कॅलिपर दोन गाईड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन गंजून अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. कोकणातल्या पावसात आणि दमट हवेत हे आम्ही सारखं बघतो. म्हणून नुसते पॅड बदलून भागत नाही. पिन काढून, साफ करून, त्यांना ब्रेकचंच खास ग्रीस लावावं लागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरचा असतो. 3 मिलिमीटर उरला की आम्ही बदलायला सांगतो. कुंभार्ली घाटातून रोज ये-जा करणाऱ्यांनी तेवढीही वाट बघू नये. एकाच बाजूचे पॅड मात्र आम्ही कधीच बदलत नाही, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचू शकते. मागचे चारही पॅड एकदम बदलायचे.

मागच्या कामात एक गोष्ट वेगळी असते आणि नेमकी तीच चुकते. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असतो. तिथे पिस्टन पुढच्यासारखा नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. जोर लावून दाबला तर आतली यंत्रणा तुटते आणि अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल, तर आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी मोकळा, करून घ्यावा लागतो. घरी करून बघणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती: पिस्टन फिरवायचं साधन किंवा स्कॅनर, जे लागेल ते, हाताशी नसेल तर हात घालू नका.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली म्हणून लगेच वरून भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. वरून भरलेलं ऑइल नवे पॅड बसवताना बाहेर सांडतं आणि रंग खातं. पातळी का उतरली, ते आधी बघू द्या.

गाडी हातात देण्याआधी आम्ही पॅडल घट्ट लागेपर्यंत पंप करतो. तरी निघताना तुम्हीही एकदा दाबून बघा. पहिले 200–300 किलोमीटर शक्यतो अचानक जोरात ब्रेक मारू नका, नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ लागतो. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागेवर लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा, म्हणजे पॅड डिस्कला चिकटणार नाहीत.

काम झालं की जुने चारही पॅड आम्ही तुमच्या हातात देतो. कोणता आतला, कोणता बाहेरचा, ते त्यांवर खडूने लिहिलेलं असतं.