वेग गेला की थंडी येते

जुलैतली सकाळ. आपल्याकडे आषाढ लागलेला असतो, पेरण्या उरकलेल्या असतात, सह्याद्री धुक्यात बुडालेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात मात्र तो ऐन हिवाळा. सात वाजून गेले तरी सूर्याचा पत्ता नसतो. माउंट एन्सलीच्या पायथ्याशी गवताच्या पात्यापात्यावर पांढरं हिमदव साचलेलं असतं आणि पलीकडे पाच-सात कांगारू नाकातून वाफा सोडत आपल्याकडे टक लावून बघत असतात. उघड्या मुरमाड वाटेवर पाय पडला की कुरकुर आवाज येतो, जाड मीठ चुरडावं तसा.

याच वाटांवर मी रानातली हिवाळी मॅरेथॉन धावते. पहिल्या वर्षी मी वाकून पाहिलं. वाटेवरची माती चक्क उचलली गेली होती. तिच्याखाली बर्फाच्या सुया उभ्या होत्या, दोन-तीन सेंटिमीटर उंच, केसासारख्या बारीक आणि एकमेकींना खेटून. बऱ्याच सुयांनी डोक्यावर एकेक खडा तोलून धरला होता. रात्री वरची हवा शून्याखाली जाते, पण जमीन आतून ओली आणि त्या मानानं उबदार असते. पृष्ठभागालगतचं पाणी गोठतं. मातीच्या बारीक छिद्रांतून खालचं पाणी वर खेचलं जातं आणि तेही गोठतं. म्हणजे ही सुई गवतासारखी बुडापासून वाढते आणि वाढताना माथ्यावरची माती उचलून धरते. नऊ-साडेनऊला ऊन पडलं की सुया वितळतात. खाली घट्ट जमीन आणि वर दोन बोटं पातळ चिखल, अशी त्या वाटेची अवस्था होते. सकाळी सातला ज्या चढावर पाय पक्का बसतो, त्याच चढाच्या उतारावर दहा वाजता तो सरकतो. एकाच शर्यतीत एकच वाट दोन वेगळ्या वाटा होऊन भेटते.

कॅनबेरा समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे. जुलैत पहाटेचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, दुपारचं ११-१२ अंश. शहराला ‘बुश कॅपिटल’ म्हणतात, कारण वस्त्यांच्या मधल्या टेकड्या तशाच राखल्या आहेत. ‘बुश’ला मराठीत मला ‘रान’ हाच शब्द जवळचा वाटतो. जंगल म्हटलं की दाट काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हे तसं नाही. विरळ निलगिरी, मधे वाळकं गवत, खडक, आणि सालीच्या लांबच लांब पट्ट्या सोडत उभी असलेली झाडं. त्या पट्ट्या, पडलेली पानं आणि सुरूच्या जातीच्या झाडांच्या काड्या वाटेवर पसरतात आणि खालचा दगड झाकून टाकतात. एन्सली (८४३ मीटर) आणि तिची शेजारीण माजुरा (८८८ मीटर) या टेकड्यांच्या रानातून जुलैत मॅरेथॉन धावली गेली आहे. अंतर तेच, ४२.१९५ किलोमीटर. बाकी सगळं वेगळं.

मॅरेथॉनसाठी थंडी वाईट नसते, उलट चांगलीच. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींच्या नोंदी सांगतात की उत्तम वेळा साधारण ५ ते १० अंशांच्या हवेत लागतात. मग रानातल्या हिवाळी मॅरेथॉनची भीती कशाची? माझं उत्तर असं: थंडी आणि खडबडीत वाट हे दोन वेगळे त्रास आहेत असं समजून तयारी केली तर फसायला होतं. वाट वेग काढून घेते. वेग गेला की अंगातली ऊब जाते. थंडी आत शिरते ती वाटेच्या मार्गानं.

थोडं गणित करू. सपाटीवर धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस ताशी ८ किलोमीटरनं धावत असेल तर तासाला ४८० किलोकॅलरी. स्नायू यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामात बदलू शकतात, उरलेल्याची थेट उष्णता होते. ती ४०० वॉटच्या वर भरते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून ८०-१०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे धावणारा एकटा माणूस चार-पाच माणसांची ऊब घेऊन पळत असतो. म्हणूनच शून्य अंशातही अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर भागतं, आणि सुरुवातीच्या रेषेवर कुडकुडणारे लोक पहिल्या दोन किलोमीटरांतच हातमोजे काढून कमरेला खोचतात.

आता हाच माणूस ३३व्या किलोमीटरला घोटा मुरगळून चालायला लागला असं धरा. त्याची उष्णता निम्म्यावर येते, कपडे मात्र अजून ताशी ८ किलोमीटरच्या हिशेबाचेच असतात. शिवाय ते ओले असतात. फक्त १०० ग्रॅम घाम तासाभरात अंगावर वाळला तर तो सुमारे ६७ वॉट उष्णता घेऊन जातो. बसलेल्या माणसाची बरीचशी ऊब एक ओली बनियन वाळता वाळता खाऊन टाकते. त्यात वारा सुटला, किंवा पावसानं कपडे अंगाला चिकटले, तर विचारायलाच नको. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेतं.

वाट वेग कसा खाते, याचं शास्त्रही फार सुंदर आहे. जमिनीत फक्त अडीच सेंटिमीटरपर्यंतचे उंचसखलपणे असतील तर चालण्याचा ऊर्जाखर्च सुमारे २८ टक्के वाढतो, धावण्याचा मात्र ५ टक्केच. प्रयोगशाळेतल्या पट्ट्यावर लाकडी ठोकळे बसवून हे मोजलेलं आहे. धावताना गुडघा वाकलेला असतो, पाय स्प्रिंगसारखा दबतो आणि छोटा खड्डा गिळून टाकतो. चालताना पाय काठीसारखा ताठ असतो, प्रत्येक उंचवटा थेट कमरेपर्यंत पोचतो. रानात दमल्यावर आपण ‘जरा चालू या’ म्हणतो, तेव्हा सपाट रस्त्यावर मिळते तेवढी विश्रांती मिळत नाही, याचं एक कारण हे असावं.

चढ-उताराचा हिशेब याहून कडक. वीस टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला वीस मीटर वर जाताना, तेवढंच अंतर धावायला सपाटीच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा लागते. वीस टक्के उतारावर निम्मी. म्हणजे चढावर दीडपट जास्त दिलं आणि उतारावर अर्धंच परत मिळालं. उतार चढाचं कर्ज कधीच फेडत नाही.

उलट तो वेगळीच वसुली करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताण धरून ठेवत लांबत जातात, ब्रेक लावल्यासारखे. आकसून काम करण्यापेक्षा असं लांबत काम करण्यानं स्नायूतंतूंची अतिसूक्ष्म मोडतोड जास्त होते. ती कळते उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना. चांगली गोष्ट अशी की एकदा अशी मोडतोड झाली की स्नायू शहाणे होतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत तोच उतार खूप कमी दुखावतो. शर्यतीआधी महिनाभर एक-दोनदा तरी मनसोक्त उतार धावून घ्यावा तो यासाठी. नुसते चढ चढून ही तयारी होत नाही.

आणि घोटा? पाय दगडावरून कलंडला की पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला सावरायला धावतात. त्यांना जागं व्हायलाच ५० ते ८० मिलिसेकंद लागतात, पुरेसा जोर यायला आणखी थोडे. घोटा तोवर मुरगळून झालेला असतो. सावरण्याचं खरं काम पाय टेकण्याआधी होतं, आणि ते डोळे करतात. खडबडीत वाटेवर माणसाची नजर बहुतेक वेळा दोनेक पावलं पुढच्या जमिनीवर असते. पाय टेकतो तेव्हा मेंदू त्याच्या पुढच्या पावलाची जागा ठरवून मोकळा झालेला असतो. म्हणून पानांनी झाकलेला दगड इतका घातक. नजरेनं दिलेली खबरच खोटी ठरते. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना घसाऱ्यावर पाय सरकू देत उतरायची सवय असते, ती इथे फार कामी येते. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अशी लांब पल्ल्याची शर्यत होते, तिथले धावक हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. फक्त तिथे पहाटेचा गारठा दुपारच्या उन्हात विरून जातो. इथे ढग आले की दिवसभर पारा वर सरकतच नाही.

थंडीनं पाय आणखी बेभरवशाचे होतात. स्नायू एक अंशानं गार झाला की त्याची ताकद साधारण ४ टक्के घटते, मज्जातंतूंतून संदेशही सावकाश जातात. पावलाची जागा अचूक निवडायची, तर पाय गार पडून चालत नाही. पाय गार पडू नयेत, तर वेग हवा. आणि वेग हवा, तर पावलं अचूक पडायला हवीत. हे चक्र एकदा उलटं फिरायला लागलं की भराभर फिरतं.

एन्सलीच्या चढावर एक गंमत अनुभवाला येते. वर जावं तशी थंडी वाढावी ना? निरभ्र, निवांत रात्रीनंतर नेमकं उलटं होतं. रात्री जमीन उष्णता आकाशात सोडून गार पडते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारांवरून ओघळत खोलगट भागात साठते. भूगोलाच्या पुस्तकात आपण जिला तापमानाची विपरीतता म्हणून शिकलो, ती इथे गालांना कळते. पायथ्याशी कान दुखत असतात आणि दीड-दोनशे मीटर चढून गेलं की कोणीतरी उबदार खोलीचं दार उघडल्यासारखं वाटतं. खाली शहरावर धुक्याची दुलई पडलेली दिसते. मग माणूस जाकीट काढतो, माथ्यावर घामानं भिजतो आणि तसाच पुन्हा त्या गार खड्ड्यात उतरतो. उतरताना अंगातली भट्टी मंदावलेली, वारा वाढलेला, बनियन ओली. चढावरच्या उबेला भुलू नये. चढ सुरू व्हायच्या आधीच जाकिटाची चेन खाली ओढून छाती मोकळी करावी, घाम कमीत कमी येऊ द्यावा.

श्वासाबद्दल लोक नेहमी विचारतात, थंड हवेनं फुफ्फुसं गोठतात का? नाही. हवा फुफ्फुसांपर्यंत पोचेपर्यंत नाक-घसा-श्वासनलिका तिला तापवून ओली करून टाकतात. त्रास असतो तो कोरडेपणाचा. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ५ ग्रॅम वाफ मावते, अंगाच्या तापमानाला ४४ ग्रॅम. हा फरक श्वासमार्गाच्या अस्तराला भरून काढावा लागतो. अस्तर कोरडं पडतं, त्यावरच्या पातळ द्रवातले क्षार दाट होतात आणि ज्यांचे श्वासमार्ग नाजूक आहेत त्यांच्यात ते आकसतात. छातीत सू-सू वाजतं, खोकला येतो. तोंडावरून पातळ गळपट्टा घेतला तर सोडलेल्या श्वासातली वाफ त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाला थोडी परत मिळते. दम्याचा त्रास असेल तर शर्यतीच्या पुष्कळ आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

पाणी असं श्वासावाटे जातं, घामावाटे जातं, शिवाय लघवीला वारंवार लागते. त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसल्या की रक्त शरीराच्या मध्यभागी गोळा होतं, आणि शरीराला वाटतं की पाणी जास्त झालंय. तहान मात्र थंडीत मंदावते. खाण्याचंही तसंच. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेली साखर साधारण २००० किलोकॅलरींची असते, मॅरेथॉनला त्याहून जास्त लागतात. ती संपत आली की पाय जड होतात, हे सगळ्या धावकांना ठाऊक आहे. कमी जणांना ठाऊक असतं ते हे की रक्तातली साखर फार उतरली तर हुडहुडीही नीट भरत नाही. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी ऊब तयार करण्यासाठी केलेली धडपड, आणि तिलाही इंधन लागतं. धावणं थांबलं, हुडहुडीही थांबली, तर शरीराकडे ऊब तयार करण्याचा तिसरा मोठा उपाय नसतो. म्हणून भूक नसली तरी दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकलंच पाहिजे. मी शेंगदाण्याची चिक्की छोटे तुकडे करून नेते. थंडीत ती दगडासारखी होते, म्हणून आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बाइयिनजवळ १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. हिवाळा नव्हता. १७२ जण धावले. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर होते. उंचावरच्या, गाडी न पोचणाऱ्या टप्प्यात भर दुपारी गारा, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम आले. २१ जण दगावले. त्यांत देशातले नावाजलेले धावकही होते. ते दुबळे नव्हते. वाऱ्यापुढे आणि घसरड्या चढावर वेग गेला, कपडे भिजले, आणि चार-पाच माणसांची ऊब तयार करणारी भट्टी विझत गेली. त्याच डोंगरात एक मेंढपाळ पावसामुळे गुहेत थांबला होता. त्यानं सहा जणांना आत घेतलं. तिथे शेकोटी होती, पांघरुणं होती.

त्या बातमीनंतर माझ्या पाठपिशवीत जलरोधक जाकीट, कोरडी बनियन आणि अंगाभोवती गुंडाळायची चकाकणारी पातळ आपत्कालीन चादर असतेच असते, आकाश कितीही निळं असलं तरी.

एका वर्षी माजुराच्या उतारावर, ३४व्या किलोमीटरच्या आसपास, मीही चालायला लागले होते. पाऊस भुरभुरत होता. पाणी देण्याच्या ठिकाणी पोचले तेव्हा जाकीट पिशवीत होतं, पण पिशवीची चेन मला उघडता येईना. बोटं दिसत होती, हलत होती, चिमटीत काही धरत मात्र नव्हती. तिथल्या एका वयस्क बाईंनी काही न विचारता पिशवी माझ्या खांद्यावरून उतरवली आणि चेन ओढली. दोन स्वयंसेवकांनी आडोसा धरला. बाईंनी आधी ओली बनियन काढायला लावली, कोरडी घातली, मग जाकीट. मग हातात गोड चहाचा कप दिला आणि तो माझ्या हातून सांडेल म्हणून आपल्या दोन्ही हातांनी माझे हात त्याभोवती धरून ठेवले.