नखं श्वास घेतात, हे कुणी सांगितलं?

‘सारखं नेलपॉलिश लावू नकोस, नखांना श्वास घेऊ दे’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण नखाचा दिसणारा भाग म्हणजे केराटिन या कठीण प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे थर. मृत पेशी कसला श्वास घेणार? नख वाढतं ते मुळाशी, त्वचेखाली, आणि तिथे प्राणवायू रक्तातून पोहोचतो. लालभडक रंग लावला म्हणून तो अडत नाही.

मग पार्लरमधून आल्यावर नखं पातळ का होतात? बहुतेकदा दोष काढण्याच्या पद्धतीचा असतो. जेल किंवा अ‍ॅक्रिलिक नखं ओढून उपटली की खऱ्या नखाचे थरही सोबत निघतात. जोरात फाइल केलं तरी तेच. असं नख भरून यायला वेळ लागतो, कारण बोटांची नखं महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतात. गडद रंगानंतरचा पिवळेपणा मात्र बहुधा नुसता डाग असतो. खाली बेस कोट लावला तर हा डाग कमी पडतो.

कृत्रिम नख एका कडेने सुटलं, तर ते पुन्हा चिकटवून दडपू नका. फटीत ओल साचून जंतू वाढतात, नख हिरवट दिसू लागतं. आणि आजूबाजूची त्वचा खाजली, सुजली तर ती या नखांमधल्या रसायनाची, म्हणजे अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.