नखातला गेरू, साच्यातली ओल

धातूची पारख माणूस शिकला तो फसवणुकीच्या धास्तीने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनं तपासायचे नियम आहेत. कसोटीच्या दगडावर उठलेल्या रेघेचा रंग बघा हे त्यात येतंच, पण नखात धरलेला गेरू कोणी त्या रेघेवर भुरभुरवलाय का, तेही बघा असं सांगितलंय. लिहिणाऱ्याने सराफकट्टा जवळून पाहिला असणार! आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्टही भेसळीच्या संशयाचीच. पाण्यातल्या वजनावरून धातू ओळखायची युक्ती भंगारात अजून चालते. अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, जस्त ७.१, तांबं ८.९ आणि शिसं ११.३ पट. लोखंडाच्या जाती ग्राइंडरवरच्या ठिणग्या सांगतात. पोलादाच्या लांब, फाटे फुटणाऱ्या. बिडाच्या आखूड, लालसर. तांबं-पितळ ठिणगी देतच नाही.

वितळवताना काय होऊ शकतं, ते मात्र माणसं गेल्यावर कळत गेलं.

१० मे १७१६. लंडनच्या मूरफील्ड्स भागातल्या ओतशाळेत फ्रेंचांकडून जिंकून आणलेल्या तोफा वितळवून नव्या ओतायच्या होत्या. ओतकाम बघायला बाहेरची मंडळीही जमली होती. साच्याच्या मातीत ओल राहिली होती. वितळलेल्या धातूचा रस आत गेला आणि त्या पाण्याची जागच्या जागी वाफ झाली. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट फुगतं. बंद साच्यात त्याला वाट फक्त वरची, तीही रसातून. सतरा जण दगावले, त्यात ओतशाळेचा मालक मॅथ्यू बॅगलीही होता. अँड्र्यू शाल्क नावाच्या तरुणाने आधीच सावध केलं होतं, ही कथा रंगवून सांगतात. तिच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. एवढं खरं की पुढे सरकारने लंडनजवळच्या वुलिचला स्वतःची ओतशाळा काढली आणि ती शाल्ककडे दिली. आजही जुना ओतारी सळई किंवा पळी रसात घालण्याआधी भट्टीच्या तोंडाशी धरून तापवतो, ती याच ओलीच्या भीतीने.

दुसरा धडा धुराचा. पितळ वितळायला ९०० अंशांच्या पुढे जावं लागतं आणि त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं. म्हणजे पितळेच्या मोडीची मूस तापली की पांढरा धूर आलाच. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, एखाद्या दिवसात उतरायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी या 'पितळ ओतणाऱ्यांच्या हिवतापा'ची नोंद केली. जस्ताचा थर दिलेला जीआय पाइप भट्टीत टाकला तरी तेच.

विसाव्या शतकाने भंगारात अनोळखी पाहुणे आणले. मॅग्नेशियम दिसायला अ‍ॅल्युमिनियमसारखंच, पण पेटलं की पाणी मारल्यावर आणखी भडकतं. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचं कवच याच्याच मिश्रधातूचं असे. कानशीने घासून उजळलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. अ‍ॅल्युमिनियम ढिम्म राहतं.

कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या किरणांना तर रंग नाही, वास नाही. मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये १९८३ च्या अखेरीस कॅन्सरच्या उपचाराचं जुनं यंत्र भंगारात गेलं आणि वितळून सळया नि टेबलांचे पाय झालं. कळलं ते जानेवारी १९८४ मध्ये, सळयांचा एक ट्रक वाट चुकून लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राजवळून गेला तेव्हा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठातून लिलावात निघालेलं कोबाल्टचं यंत्र फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. तिथे तर भट्टीपर्यंत जायचीही वेळ आली नाही.

आता हातात मावणारी एक्स-रे बंदूक काही सेकंदांत धातूची टक्केवारी सांगते. पण ती वाचते फक्त वरचा थर. मुलामा असला की चकते, म्हणून बंदूक लावण्याआधी कानस मारावीच लागते.