मुलांचा माउथवॉश: हर्बल आणि फ्लोराइडचा, दोघांचं काम वेगळं

औषधाच्या दुकानात या दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीवर कडुलिंबाचं पान किंवा तुळस, दुसरीवर कार्टून. दात किडू नयेत म्हणून दोन्ही घेतल्या जातात, आणि निवड बहुतेक वेळा चव नाहीतर किंमत बघून होते. पण त्या तोंडात जाऊन करतात ते काम निराळं आहे.

दातांवरच्या चिकट थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू असतात. बिस्किटातली, चॉकलेटमधली साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातली, खनिजं सुटू लागतात. मग लाळ ती हळूहळू परत भरते. झीज भरपाईपेक्षा जास्त झाली की कीड लागते.

हर्बल माउथवॉशचा रोख जिवाणूंवर असतो. त्रिफळ्यातलं टॅनिन, लवंगेतलं युजेनॉल त्यांची वाढ रोखतं. भारतात शाळकरी मुलांवर झालेल्या काही अभ्यासांत त्रिफळ्याच्या चुळांचा परिणाम क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या जवळपास दिसला. ही चांगली गोष्ट आहे, कारण क्लोरहेक्सिडिन बरेच दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि अन्नाची चव बदलते. तरीही जिवाणू कमी झाले म्हणजे कीड थांबली असं होत नाही. चुळा बंद झाल्या आणि खाऊ तसाच चालू राहिला, की जिवाणू पुन्हा वाढतात.

फ्लोराइडचं मुख्य काम दातावर. इनॅमलची भरपाई होताना फ्लोराइड हजर असेल, तर नव्याने बसलेलं खनिज आम्लाला जास्त दाद देत नाही. रोज वापरायच्या माउथवॉशमध्ये 0.05 टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे सुमारे 225 पीपीएम (दहा लाख भागांत 225 भाग) फ्लोराइड. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा फ्लोराइडच्या बाजूने आहे. त्यामुळे ज्या मुलाला वारंवार कीड लागते किंवा दातांना तार बसवली आहे, त्याला फक्त हर्बल चुळांवर ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

एक चूक दोन्हींच्या बाबतीत सर्रास होते: ब्रश झाल्या झाल्या माउथवॉश. साध्या फ्लोराइड टूथपेस्टमध्येच 1000 पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असतं. लगेच चूळ भरली की ते धुऊन जातं, आणि त्या जागी येतं त्याहून कमी फ्लोराइड, किंवा हर्बल असेल तर बहुधा काहीच नाही. माउथवॉशसाठी वेगळी वेळ ठेवा, शाळेतून आल्यावर खाणं झालं की बरी. फ्लोराइडच्या चुळेनंतर अर्धा तास खाणंपिणं नको.

वयाचा नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू. सहा वर्षांच्या आत दंतवैद्याने सांगितल्याशिवाय माउथवॉश देऊ नये, कारण लहान मुलं तो गिळतात. आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही अष्टांगहृदय या ग्रंथात पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कवल, म्हणजे औषधी चूळ, वर्ज्य सांगितली आहे. आधी साध्या पाण्याने बघा: घोट तोंडात खळखळवून सगळा थुंकता येतो का? ‘हर्बल’ म्हणजे गिळला तरी चालेल, असं नाही. काही बाटल्यांत अल्कोहोल असतं, म्हणून लेबल वाचाच.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत गोष्ट बदलते. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, आणि कायमचे दात घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत, ते जास्त पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे उमटतात. पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल, तर फ्लोराइडचा माउथवॉश आपल्या मनाने सुरू करू नका. पाणी तपासणीचा अहवाल दंतवैद्यांना दाखवा आणि तोपर्यंत थुंकता येणाऱ्या मुलाला हर्बलच द्या.