‘स्ट्राँग’ ग्रिप आणि घट्ट ग्रिप: गोल्फमधला एक महागडा गोंधळ

चेंडू सारखा उजवीकडे वळतोय अशी तक्रार केली, की शेजारचा अनुभवी खेळाडू हमखास सांगतो, ‘‘ग्रिप जरा स्ट्राँग कर.’’ ग्रिप म्हणजे पकड, म्हणून ऐकणारा लगेच क्लब (गोल्फची काठी) आवळतो. पुढचा चेंडू आणखी उजवीकडे जातो, म्हणून तो अजून आवळतो. या चक्रात मी स्वतः अख्खा हंगाम घालवला आहे. त्यामुळे आजही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कुणाची पांढरी पडलेली बोटं दिसली की थांबून सांगावंसं वाटतं: मिळालेला सल्ला बरोबर होता, पण तुम्ही केलंत ते त्याच्या नेमकं उलटं.

गोल्फमधल्या ‘स्ट्राँग’ या शब्दाचा ताकदीशी काही संबंध नाही. हात हँडलवर किती फिरवून ठेवले आहेत, एवढंच तो सांगतो. दोन्ही हात उजवीकडे, म्हणजे टार्गेटपासून दूर फिरवून धरले की ग्रिप स्ट्राँग. डावीकडे फिरवले की वीक. अधलीमधली ती न्यूट्रल. (इथे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितो आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.) घट्ट किंवा सैल ही गोष्टच वेगळी, तो बोटांचा दाब. स्ट्राँग ग्रिप अगदी हलक्या हाताने धरता येते आणि वीक ग्रिप दात-ओठ खाऊन आवळता येते.

ओळखायचं कसं? स्टान्स घ्या, म्हणजे फटक्यासाठी उभे राहा, क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) टार्गेटकडे सरळ ठेवा आणि मान न वाकवता फक्त नजर खाली करून डावा हात बघा. मुठीवर बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात, ते मोजा. दोन दिसले तर साधारण न्यूट्रल, तीन किंवा जास्त दिसले तर स्ट्राँग, एकच दिसला तर वीक. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ‘व्ही’सारखी जी घडी पडते, तीही हेच सांगते: स्ट्राँगमध्ये ती उजव्या खांद्याकडे बोट दाखवते, वीकमध्ये हनुवटीकडे किंवा तिच्याही डावीकडे. इथे एक चूक फार होते. हात फिरवायला सांगितले की लोक हातांबरोबर क्लबही फिरवतात. मग ग्रिप होती तशीच राहते आणि फेस मात्र आधीच डावीकडे बंद होऊन बसतो. म्हणून आधी फेस सरळ लावायचा, तो हलू द्यायचा नाही, आणि मग हात त्यावर नव्याने ठेवायचे.

आता या दोन गोष्टी उलट्या दिशेने का ओढतात, ते बघू. कमरेतून थोडं वाका आणि डावा हात मोकळा लोंबू द्या. तो एका ठरावीक कोनात स्थिरावतो, तळवा किंचित आत वळलेला असतो. वेगवान स्विंगमध्ये हात साधारण याच नैसर्गिक स्थितीकडे परत येऊ पाहतात. तुम्ही हात उजवीकडे फिरवून क्लब धरला असेल, तर परत येताना हातांसोबत फेसही डावीकडे वळतो, म्हणजे बंद होतो. स्ट्राँग ग्रिपने स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळणं, कमी होतं ते यामुळे, आणि ग्रिप अती स्ट्राँग झाली की हूक, म्हणजे डावीकडे वळणं, सुरू होतं तेही यामुळेच.

घट्ट ग्रिपचं काम याच्या विरुद्ध. मूठ जोरात आवळून दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून बघा, तो दगडासारखा लागेल. या कडक झालेल्या स्नायूंमुळे मनगट नीट मुडपत नाही आणि हात खाली येताना फिरतही नाहीत. फेस बंद व्हायचा तो उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो, तेवढ्यात काही सुधारायची सोयच नाही. आणि फेस फक्त 2 अंश उघडा राहिला, तर नुसत्या सरळ रेषेच्या हिशोबाने 200 मीटरवर सुमारे 7 मीटरचा फरक पडतो. हवेतलं वळण वेगळंच.

मोठ्या खेळाडूंकडे पाहिलं की हा फरक मनात पक्का बसतो. बेन होगन यांना सुरुवातीच्या काळात हूकने छळलं होतं. त्यांनी डावा हात वीक बाजूला सरकवला, आणि 1953 मध्ये मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्या ‘वीक’ ग्रिपमध्ये दुबळेपणा शोधूनही सापडायचा नाही. दुसऱ्या टोकाला पॉल एझिंगर. ग्रिप खूपच स्ट्राँग, आणि 1993 ची पीजीए चॅम्पियनशिप त्यांच्या नावावर. म्हणजे स्ट्राँग चांगली, वीक वाईट असंही नाही. आपल्या स्विंगला कोणती जुळते, हा खरा प्रश्न.

दाबाबद्दल सॅम स्नीड यांचा सल्ला प्रसिद्ध आहे: क्लब जिवंत पक्ष्यासारखा धरा. मला तो आवडतो, पण लोक त्यातला अर्धाच भाग घेतात. पक्षी चिरडायचा नाही हे खरं, पण तो उडूनही जाता कामा नये. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं नीट बसलेली हवीत, मनगटं मोकळी हवीत. तपासायला सोपी युक्ती: क्लब समोर धरून क्लबहेडने हवेत आपलं नाव लिहा. अक्षरं मनगटातून वळली तर दाब ठीक. खांदा हलवावा लागला तर बोटं सैल करा.

तरीही सारखं आवळावंसं वाटत असेल, तर ग्लोव्ह बघा. करंगळीखालच्या गादीपाशी भोक पडत असेल, तर हँडल बहुधा बोटांऐवजी तळहातात बसतंय आणि निसटू नये म्हणून तुम्ही ते दाबताय. अशा वेळी नुसतं ‘सैल धर’ म्हणून उपयोग नाही, आधी हँडल बोटांच्या मुळाशी आणावं लागतं.

म्हणून स्लाइस होत असेल तर आधी उंचवटे मोजा. एकच दिसत असेल, तर दोन्ही हात अगदी थोडे उजवीकडे फिरवा, दाब तसाच ठेवा. पहिले काही दिवस हे फार विचित्र वाटतं, तरी टिकून राहा. तीन दिसत असूनही स्लाइस होत असेल, तर हात आणखी फिरवू नका. दाब बघा, आणि तोही ठीक असेल तर क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्या बाजूला, येतोय का ते बघा. दाब मुद्दाम वाढवावा असा प्रसंग मला एकच पटतो: चेंडू उंच, दाट रफमध्ये (वाढलेल्या गवतात) असेल तेव्हा. गवत क्लबच्या मानेला गुंडाळून फेस बंद करू पाहतं, तिथे डाव्या हाताची पकड थोडी पक्की हवी. हात मात्र हँडलवर जिथे होते तिथेच राहू द्या.